जनाबाईवरील चोरीचा आळ आणि मराठी आख्यानांतील निरपराध बंदी

परभणी जिल्ह्यांतील गंगाखेड हें गोदातीरावरील गांव संत जनाबाईचें जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिच्या आईबापांचीं नांवें परंपरा करुंड व दमा अशीं देते. लहानपणींच ती पंढरपुरास दामाशेटीच्या घरीं आली आणि नामदेवाच्या कुटुंबांत दासी म्हणून तिचें सारें आयुष्य गेलें. नामदेवाचा काल इ. स. १२७० ते १३५० असा धरला जातो, आणि जनाबाईचाही अंत परंपरा त्याच वर्षीं मानते. तिच्या भक्तीविषयीं आणि तिच्या दळणकांडणास देवानें लावलेल्या हाताविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. तिच्या चरित्रांतील एका प्रसंगाचा विचार मात्र निराळ्या दृष्टीनें व्हावयास पाहिजे असें आम्हांस वाटतें. तो प्रसंग म्हणजे तिच्यावर आलेला चोरीचा आळ आणि त्यासाठीं तिला झालेली सुळाची शिक्षा.

भाविक वाचक या प्रसंगांत देवाचा चमत्कार पाहतो. चिकित्सक वाचक चमत्कार आहे म्हणून तो प्रसंग बाजूस ठेवितो. दोघांचेंही एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतें. सूळ पाणी होण्यापूर्वीं एका दासीवर आरोप आला, तिच्या घराची झडती झाली, माल सांपडला आणि शिक्षा ठरली. हा सारा भाग चमत्काराचा नव्हे, व्यवहाराचा आहे. निरपराध मनुष्य कसा धरला जातो हें येथें पायरीपायरीनें सांगितलें आहे. आख्यानास आम्ही न्यायनिवाड्याचा कागद मानीत नाहीं. परंतु ज्या समाजानें तें शतकानुशतकें ऐकलें त्याला अन्यायाची कोणती रीत परिचित होती, याचा तो खात्रीचा पुरावा आहे, एवढेंच आमचें म्हणणें आहे.

(१) कथा

परंपरेनें चालत आलेली कथा थोडक्यांत अशी. रात्रीं पांडुरंग जनीच्या झोपडींत आला, तिच्याबरोबर दळूं लागला, आणि पहांट झाली तेव्हां काकडआरतीची वेळ टळूं नये म्हणून घाईनें निघाला. घाईंत त्याचें रत्नजडित पदक व शेला तेथेंच राहिला आणि जनीची वाकळ त्याच्या अंगावर गेली. देऊळ उघडल्यावर देवाच्या गळ्यांत पदक नाहीं आणि अंगावर फाटकी वाकळ, असें पुजाऱ्यांनीं पाहिलें. वाकळ कोणाची हें ओळखण्यास वेळ लागला नाहीं. जनीनें शपथा वाहिल्या, पण झडतींत पदक निघालें. मग तिला चंद्रभागेच्या वाळवंटांत सुळावर देण्यास नेलें. तेथें सुळाचें पाणी झालें.

महिपतीनें ही कथा शके १६८४ (इ. स. १७६२) मध्यें पूर्ण केलेल्या 'भक्तविजया'त सांगितली आहे. जनाबाईच्या नांवावरील तीनशेंहून अधिक अभंग नामदेवाच्या गाथेंत समाविष्ट आहेत. गाथेंतील 'नामा' या मुद्रेचा प्रश्न नाजूक आहे. सोळाव्या शतकांतील विष्णुदासनाम्याच्या रचना पहिल्या नामदेवाच्या रचनांत मिसळल्या आहेत, आणि नाम्याच्या दासीची मुद्रा नंतरच्या कोणी वापरली नसेल असें म्हणतां येत नाहीं. म्हणून आळाच्या प्रसंगास जनाबाईची स्वतःची साक्ष म्हणून पुढें करणें धाडसाचें होईल. आमचा प्रश्न त्यावर अवलंबून नाहीं. कथा कोणी प्रथम रचिली यापेक्षां ती अशीच कां रचिली गेली, हें पाहावयाचें आहे.

(२) संस्कृत वाङ्मयांतील पूर्वज

सुळावर चढविलेला निरपराधी हा आपल्या वाङ्मयांत फार जुना आहे. महाभारताच्या आदिपर्वांतील मांडव्य ऋषि मौनव्रत धरून बसला असतां चोरांनीं लुटीचा माल त्याच्या आश्रमांत लपविला. राजपुरुषांनीं विचारिलें, ऋषि बोलला नाहीं, माल सांपडला, आणि चोरांबरोबर त्यासही सुळावर दिलें. तो मेला नाहीं. राजास चूक कळली, त्यानें क्षमा मागितली. पण सूळ निघेना, म्हणून तो कापावा लागला आणि अग्र शरीरांतच राहिलें. त्यावरून त्यास अणीमांडव्य हें नांव पडलें. पुढें तो थेट धर्माकडे गेला आणि कोणत्या अपराधाची ही शिक्षा, असा त्यास जाब विचारला. बालपणीं गवताच्या काडीनें पतंग टोंचले होते त्याचें हें फळ, असें उत्तर मिळालें. तेव्हां मांडव्यानें चौदा वर्षांखालील बालकाच्या कृत्यास पाप लागणार नाहीं अशी मर्यादा घातली, आणि अल्प दोषास मोठी शिक्षा देणाऱ्या धर्मासच शाप दिला. त्या शापानें धर्म विदुर होऊन शूद्रयोनींत जन्मला, असें भारतकार सांगतो.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकाच्या प्रवेशकांत एक कोळी आहे. माशाच्या पोटांत राजाची अंगठी त्यास मिळाली. ती विकावयास नेली असतां रक्षकांनीं त्यास बांधून आणिलें. जातीवरून थट्टा, मारहाण, आणि त्याच्या वधाची वाट पाहणारे शिपायांचे हात, हें सर्व कालिदासानें चारदोन वाक्यांत दाखविलें आहे. राजानें अंगठी ओळखली म्हणून कोळी सुटला, त्यास अंगठीच्या मोलाएवढें बक्षीसही मिळालें. आणि त्यांतील अर्धा भाग त्यानें त्याच शिपायांस देऊन टाकला.

मृच्छकटिकाचा नववा अंक तर 'व्यवहार' या नांवाचाच आहे. चारुदत्तावर वसंतसेनेच्या खुनाचा आरोप शकार करितो. अधिकरणिकास चारुदत्ताच्या शीलाविषयीं शंका नाहीं. तरी मैत्रेयाच्या कांखेंतून वसंतसेनेचे दागिने सभेंत गळून पडतात आणि निकाल फिरतो. न्यायाधीश निर्वासनाची शिफारस करितो. पालक राजा सुळाची आज्ञा देतो. दहाव्या अंकांत शकाराचा दास स्थावरक खरी हकीकत ओरडून सांगतो. पण हा चोरी केल्याबद्दल बांधलेला दास आहे, एवढें शकारानें म्हटल्याबरोबर त्याची साक्ष फुकट जाते. याच नाटकांत आर्यक नांवाचा गवळी केवळ एका भविष्यकथनाच्या भयानें राजानें तुरुंगांत टाकलेला आहे. पायांत बेडी असतांनाच तो निसटतो, आणि चारुदत्ताच्या गाडींतून पळून जातो.

या तिन्ही ठिकाणीं एक सूत्र आहे. दरिद्री किंवा हीन मानलेल्या मनुष्यापाशीं मोलाची वस्तु सांपडणें हाच त्याचा गुन्हा ठरतो. अंगठी, अलंकार, लुटीचा माल. आणि गंगाखेडच्या जनीच्या झोपडींत पदक. श्रीमंताच्या घरीं तीच वस्तु सांपडली असती तर ती कोठून आली असें विचारलें गेलें असतें. गरिबाच्या घरीं सांपडली म्हणजे विचारण्याचें कारणच उरत नाहीं.

(३) शास्त्र काय म्हणत होतें

शास्त्रकारांना हा धोका ठाऊक नव्हता असें नाहीं. कौटिलीय अर्थशास्त्राची पोथी तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिली, आणि ती आर. शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं छापून प्रसिद्ध केली. एका पोथीनें प्राचीन राज्यव्यवहाराविषयींची आमची समजूत किती पालटते, हें त्या ग्रंथानें दाखविलें. त्याच्या चौथ्या अधिकरणांत संशयितास कसें विचारावें हें सांगतांना कौटिल्य मांडव्याचेंच उदाहरण घेतो. यातनेच्या भयानें चोर नसलेलाही आपण चोर आहों असें म्हणतो. तसेंच एखादा मनुष्य योगायोगानें चोराच्या वाटेवर, चोरासारख्या वेषांत किंवा चोरीच्या मालाजवळ सांपडतो. म्हणून पुरावा पूर्ण झाल्यावांचून दंड करूं नये, असा त्याचा अभिप्राय आहे. भारतांतील मांडव्य मौनामुळें सुळावर गेला. अर्थशास्त्रांतील मांडव्य भयानें कबुली देतो. कथेचे हे दोन पाठ जुळत नाहींत, पण दोहोंचा बोध एकच आहे. पुढच्याच अध्यायांत बंदिशाळेच्या अधिकाऱ्याचे अपराध सांगितले आहेत. बंदिवानाचें अन्नपाणी अडविणाऱ्या अधिकाऱ्यास ९६ पणांचा दंड आहे.

याज्ञवल्क्यस्मृतींत चोरास धरण्याचीं कारणें दिलीं आहेत, तीं अशीं: चोरीचा माल, पाउलखुणा, पूर्वींचा अपराध आणि राहण्याच्या ठिकाणाविषयीं संशय. तिच्यावरील मिताक्षरा टीका विज्ञानेश्वरानें चालुक्य विक्रमादित्याच्या कारकीर्दींत कल्याणी येथें, म्हणजे आजच्या बसवकल्याणास, लिहिली. तें स्थळ मराठवाड्याच्या सीमेवरच आहे. धरणें आणि दंड करणें यांत स्मृतिकार भेद करितात. धरलेल्यास आपली शुद्धि दाखविण्याची संधि आहे. उत्तरकालीन मराठी मुलखांत हीच शुद्धि कढत तेलांतून धातूचा तुकडा काढण्याच्या 'रवा' दिव्यानें करीत. मात्र या संधीचा उपयोग कोणाला करतां येतो, हा खरा प्रश्न आहे. मनूनें दासांची व सेवकांची साक्ष दुसरे साक्षी नसतील तेव्हांच घेण्यास सांगितलें आहे. ज्याच्या शब्दाला एरवीं किंमत नाहीं, त्यानें आपली शुद्धि कोणत्या शब्दांनीं दाखवावी?

या कसोटीवर जनीचा खटला लावून पाहिला म्हणजे कथाकाराची मार्मिकता ध्यानांत येते. चोरीच्या खटल्यांत प्रथम मालाच्या धन्यास विचारावयाचें असतें. येथें धनी म्हणजे स्वतः देव. आणि आपणच पदक तेथें ठेविलें हें सांगूं शकणारा एकमेव साक्षीही तोच. पुजारी त्याच्या वतीनें फिर्याद करितात, पण त्यास विचारीत नाहींत. देवाच्या अंगावरील वाकळ देवाविषयीं कांहीं सांगते, असें कोणासही सुचत नाहीं. ती जनीविरुद्ध पुरावा म्हणूनच पाहिली जाते. धन्याच्या नांवानें चाललेला, पण धन्यास न विचारतां निकालांत निघालेला असा हा खटला आहे. सत्तेच्या नांवानें वागणाऱ्यांवर याहून बोंचरी टीका मराठींत सांपडणें कठीण.

(४) कीर्तनकाराची सभा

जनीचा प्रसंग एकटा नाहीं. एकनाथाचे पणजोबा भानुदास यांच्याविषयींही महिपति अशीच कथा सांगतो. विठ्ठलाची मूर्ति विजयनगरच्या राजानें नेली असतां भानुदास तेथें गेले. देवानें आपल्या गळ्यांतील हार त्यांना दिला. सकाळीं हार त्यांच्यापाशीं सांपडला आणि राजानें सुळाची आज्ञा केली. तेथें सुळास पालवी फुटली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा थोडी निराळी आहे. दुष्काळांत त्यांनीं बादशाही कोठारें लोकांस उघडून दिलीं, म्हणजे कृत्य खरेंच घडलें होतें. त्यांना धरून बेदरास नेत असतां विठू महारानें रकमेचा भरणा करून पावती घेतली. जनी व भानुदास यांना चमत्कारानें सोडविलें. दामाजीस एका कागदानें सोडविलें. दफ्तरांत वावरणाऱ्यांनीं हा फरक अवश्य लक्षांत घ्यावा.

महिपति (इ. स. १७१५ ते १७९०) हा ताहाराबादचा कुळकर्णी होता. तें गांव अहिल्यानगर (पूर्वींच्या अहमदनगर) जिल्ह्यांत राहुरी तालुक्यांत आहे. पूजेंत असतां कचेरींतून बोलावणें आलें व अपमान सोसावा लागला, तेव्हांपासून त्यानें सरकारी लेखणी टाकून संतचरित्रांसाठींच लेखणी धरली, असें सांगतात. नाभाजी व उद्धवचिद्‌घन यांचे ग्रंथ आपण आधारास घेतले हें तो स्वतः सांगतो. गांवच्या वतनी लेखकास आळ, झडती, जबानी आणि शिक्षा यांची भाषा शिकवावी लागत नाहीं. त्याच्या आख्यानांत या पायऱ्या इतक्या नीट लागलेल्या दिसतात, त्याचें कारण हेंच असावें.

आतां संस्कृत नाटकें व मराठी आख्यानें यांतील मुख्य भेद पाहूं. कोळ्यास राजानें सोडिलें. चारुदत्ताची सुटका वसंतसेना जिवंत येऊन उभी राहिली म्हणून झाली, आणि पालक जाऊन आर्यक राजा झाल्यावर त्याची प्रतिष्ठाही परत मिळाली. म्हणजे न्याय अखेर सभेंत किंवा सिंहासनापाशींच मिळाला. मराठी आख्यानांत निर्दोष सुटल्याचा निकाल कोणतीही सभा देत नाहीं. सूळ वितळतो, जमलेले लोक जयजयकार करितात, आणि येथेंच कथा संपते. निकाल द्यावयाचें काम मग श्रोत्यांकडे येतें. प्रत्येक कीर्तनांत जनीचा खटला पुन्हां उभा राहतो आणि देवळाच्या ओसरीवर बसलेली मंडळी तिला पुन्हां निर्दोष ठरवितात.

मृच्छकटिकांत चारुदत्तास वधस्थानाकडे नेतांना ठिकठिकाणीं थांबून डिंडिम वाजवितात आणि त्याचें नांव, कुळ व अपराध यांची घोषणा करितात. शिक्षेबरोबर दुष्कीर्तिही राजाच देत असे. दवंडी हें त्याचें साधन. निरपराध्याच्या बाजूस मात्र उलट दवंडी पिटणारें साधन नव्हतें. महाराष्ट्रांत तें काम मृदंगानें केलें. राजाची दवंडी एकदां पिटली जाते, चार चौकांत ऐकूं येते आणि विरते. कीर्तनाची दवंडी दर एकादशीस, गांवोगांव, पिढ्यान्‌पिढ्या पिटली जाते. जनीवर आळ घेणाऱ्या पुजाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक नाहींत, आणि जनीचें नांव ठाऊक नाहीं असें घर मराठी मुलखांत नाहीं. दाद मिळविण्याची ही रीत संथ आहे, पण ती निष्फळ म्हणतां येणार नाहीं.

विसाव्या शतकांतील एक उदाहरण येथें सांगण्याजोगें आहे. दासगणू महाराज (१८६८ ते १९६२) हे पूर्वाश्रमीं पोलिसखात्यांत होते. ती नोकरी सोडून त्यांनीं कीर्तन व संतचरित्रांचें लेखन यांस वाहून घेतलें. नांदेड जिल्ह्यांतील गोरटें येथें त्यांची समाधि आहे. धरणाऱ्या खात्यांतून निघालेला मनुष्य धरलेल्यांचीं आख्यानें गाऊं लागला, ही गोष्ट या परंपरेस साजेशीच झाली.

(५) जात्यावरची सभा

कीर्तनांत बोलणारा बहुधा पुरुष असतो. स्त्रियांची सभा जात्यापाशीं भरत असे. जनी स्वतः दळणारी, आणि तिचा खटला ज्या रात्रीं उद्भवला ती दळणाचीच रात्र. म्हणून जात्यावरच्या ओव्यांत तिला मानाची जागा आहे. पण परभणीच्या बाजूस या सभेपुढें आणखी एक फिर्याद येते, ती सीतेची. हेमा रायरकर व गी प्वातव्हाँ यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं महाराष्ट्रभर हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांसाठीं १९९६ सालीं परभणी जिल्ह्यांतील ताडकळस येथें ज्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या, त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्या आहेत. सीतेवर आरोप लोकापवादाचा. तिला विचारलें गेलें नाहीं. शिक्षा अमलांत आल्यावरच शिक्षा झाल्याचें तिला कळलें. व्यवहारशास्त्राच्या कोणत्याही नियमास न उतरणारा हा निवाडा पंडितांनीं राजधर्म म्हणून समजावून दिला आहे. दळणाऱ्या बाया तो सीतेचा सासुरवास म्हणून गातात.

जनाबाईच्या नांवावर हरिश्चंद्राचें आख्यान आहे. हरिश्चंद्रकथेचें जें रूप देवीभागवतांत आढळतें, त्यांत पुत्रशोकानें वेड्या झालेल्या राणीसच बालघातकी ठरवून लोक बांधून आणितात, आणि तिचा वध करण्याची आज्ञा तिच्याच नवऱ्यास होते. आपल्या मुलासाठीं रडणारी बाई मुलाच्या खुनाबद्दल धरली जाते. एका दासीच्या नांवाशीं परंपरेनें हेंच आख्यान जोडावें, हें आम्हांस अर्थपूर्ण वाटतें.

(६) अर्वाचीन काळांतील एक प्रसंग

कीर्तनानें चालविलेलें हें काम इंग्रजी अमदानींत वर्तमानपत्रें व रंगभूमि यांकडेही आलें. त्याचा नमुना म्हणून कोल्हापूर प्रकरण घेतां येईल. कोल्हापूरचे तरुण छत्रपति चौथे शिवाजी यांना वेडे ठरवून पहाऱ्यांत ठेविलें होतें, आणि त्यांचा छळ होतो असा लोकांत बोभाटा होता. १८८१ च्या जानेवारींत सुरू झालेल्या 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं तो प्रश्न हातीं घेतला आणि कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर टीका केली. बर्व्यांनीं फिर्याद केली. जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची शिक्षा झाली, आणि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरांत सुटले. खटल्याच्या मदतीसाठीं कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजांतील विद्यार्थ्यांनीं नाट्यप्रयोग केला, आणि त्यांत गोपाळ कृष्ण गोखले यांनीही भूमिका घेतली होती. आगरकरांनीं तुरुंगांत शेक्सपियरच्या 'हॅम्लेट'चें भाषांतर केलें. तें 'विकारविलसित' या नांवानें १८८३ सालीं प्रसिद्ध झालें. ज्याचें वेड खरें कीं घेतलेलें हें दरबारास कळत नाहीं, अशा राजपुत्राची ती कथा. वेडा म्हणून कोंडलेल्या राजपुत्रासाठीं तुरुंगांत गेलेल्या लेखकानें भाषांतरास तीच निवडावी, यांत विलक्षण औचित्य आहे. छत्रपतींना मात्र तिचा उपयोग झाला नाहीं. २५ डिसेंबर १८८३ रोजीं अहमदनगर येथें पहाऱ्यावरील एका गोऱ्या शिपायाशीं झालेल्या झटापटीनंतर त्यांचा अंत झाला. त्यावेळीं ते वीस वर्षांचे होते.

या प्रकरणांत संशोधकानें विसरूं नये अशी एक गोष्ट आहे. ज्या पत्रांवर संपादकांनीं भिस्त ठेविली होती तीं पत्रें बनावट ठरलीं, आणि संपादकांस माफी मागावी लागली. छत्रपतींचे हाल खोटे नव्हते. पण ते सिद्ध करण्यास पुढें केलेला कागद खोटा निघाल्यामुळें ज्याच्यासाठीं ओरड केली त्याचीच बाजू लंगडी पडली. पुरावा पूर्ण झाल्यावांचून दंड करूं नये, हा कौटिल्याचा नियम आरोपीच्या कैवाऱ्यासही तितकाच लागू आहे. कळवळ्यानें माणसें जमतात. निकाल कागदावर होतो.

(७) उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, दासी, कोळी, परदेशीं एकटा गेलेला भक्त, टाकलेली राणी, अशांचे जे खटले कोणत्याही दफ्तरांत शिरले नाहींत, ते आख्यानानें व ओवीनें जपून ठेविले. आमचीं दफ्तरें ज्यांच्यापाशीं वतन होतें त्यांचीं आहेत. मजहर, निवाडपत्रें व सनदा त्यांच्याच घरांतून निघतात. जिच्या नांवें भुईचा तुकडा नव्हता तिचा कागद कोण राखणार? तिचा कागद म्हणजे कीर्तनकाराचें बाड.

दुसरी गोष्ट थोडी अप्रिय आहे. मांडव्यानें धर्मास जाब विचारला होता, आणि त्याच्या प्रश्नानें नियम बदलला. आमच्या आख्यानांत तो प्रश्न नाहींसा झाला आहे. सूळ वितळला कीं पुजाऱ्यांचा दोष वितळतो. झडती घेणारे, शिक्षा ठरविणारे व पाहावयास जमलेले सारेच जयजयकारांत सामील होतात. श्रोत्याच्या डोळ्यांस पाणी येतें आणि तो समाधानानें घरीं जातो. कारण देवानें निस्तरलें. ज्यांच्यासाठीं सूळ वितळला नाहीं त्यांचें आख्यान कोणीं गाइलें नाहीं. म्हणून चमत्कारास हात न लावतां, त्याच्या अलीकडचा आळ, झडती व शिक्षा हा भाग पुन्हां वाचकांच्या दृष्टीस आणावा, एवढाच आमचा उद्देश आहे.

पोथीसंग्राहकांस आमची एक विनंती आहे. बखरी, सनदा व मोडी पत्रें यांस आतां कदर आहे. कीर्तनकारांचीं बाडें मात्र, हीं तर भजनाचीं, असें म्हणून अजूनही नदींत सोडलीं जातात किंवा रद्दींत जातात. गंगाखेड, पूर्णा, पालम, सोनपेठ, पाथरी या गोदेच्या कांठच्या टापूंत ज्यांचा संचार आहे, त्यांनीं जनाबाईचें आख्यान असलेलें कोणतेंही बाड हातीं आल्यास तें राखावें, पुष्पिकेंतील शक व नकलकाराचें नांव टिपावें, आणि पाठभेद नोंदतांना चार गोष्टी अवश्य पाहाव्या: आळ कोण घेतो, जनीला बोलूं दिलें आहे काय, शिक्षा पुजारी ठरवितात कीं राजा, आणि शेवटीं तिची क्षमा कोणी मागतो कीं नाहीं. पुजाऱ्यांनीं क्षमा मागितल्याचा एखादा जुना पाठ मिळाला, तर मांडव्याचा प्रश्न या मातींत पुरता विसरला गेला नव्हता असें म्हणतां येईल. तो न मिळाला तरी बाड राखण्याचे श्रम वायां जाणार नाहींत. निकालाची प्रत जिला कधीं मिळाली नाहीं, तिच्या खटल्याची निदान एक नक्कल आमच्या संग्रहांत राहील.